चार मुठी मीठ

"मथुराबाई, बसा," नानासाहेब म्हणाले आणि मी सावध झाले. बारा वर्षांत त्या खोलीत मला कोणी बसा म्हटले नव्हते.

मी बसले नाही. "तवा तापलाय," मी म्हटले. "उभ्यानंच ऐकते."

नानासाहेब घाणेकर हे आमच्या मंगल कार्यालयाचे मालक. साताऱ्यात ज्या घराला मानाने कार्य उरकायचे असे, ते घर आमच्याकडे येई. मी तेथे पोळ्या लाटण्यास लागले आणि पुढे मुख्य आचाऱ्यांची मदतनीस झाले. नानासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दिवेकर हेडमास्तरांची साठीशांत तुम्ही करणार, असं कानावर आलंय. त्यांच्या घरी. तुमच्या स्वतःच्या जबाबदारीवर."

"विचारलंय त्यांनी. मी अजून होकार दिलेला नाही."

"दिला असतात तर ही खुर्ची दाखवलीच नसती. हे पाहा, मी तुम्हाला कोठीच्या किल्ल्या देतो. पोळ्या बंद. सगळ्या बायका तुमच्या हाताखाली. लग्नसराई असो वा नसो, बारा महिने नोकरी. फक्त आमच्या भिंतीबाहेर चूल मांडायची नाही. एकदा मांडलीत की हा दरवाजा बंद. मग परत येऊन 'नानासाहेब, चुकलं' म्हणायचं नाही."

"तसं म्हणण्याची मला सवय नाही."

"ते ठाऊक आहे, म्हणून तर आधीच सांगतोय. सोमवारी उत्तर द्या."

ही गोष्ट एकोणीसशे एकोणसत्तर सालच्या वैशाखातली. मी त्या वेळी छत्तीस वर्षांची होते. ह्यांना पक्षाघात होऊन तीन वर्षे झाली होती. हायस्कुलातली मास्तरकी सुटली होती, उजवे अंग गेले होते आणि जीभ तेवढी पूर्वीपेक्षा धारदार झाली होती. दोन मुली शाळेत होत्या. घर माझ्या हातावर चालत होते आणि तो हात नानासाहेबांच्या भिंतीच्या आत होता.

खोलीतून बाहेर आले तर मुदपाकखान्याच्या दारात सोमणअण्णा पाटावर बसून सुरण चिरत होते. गोविंदअण्णा सोमण म्हणजे आमचे मुख्य आचारी. साठी उलटलेले, उघडे अंग, कमरेला पंचा आणि बोलणे मोजके. कार्यालयाचा लौकिक नानासाहेबांच्या भिंतींमुळे नव्हता, अण्णांच्या आमटीमुळे होता.

"कशाला बोलावलं होतं?" त्यांनी मान वर न करता विचारले.

"कोठीच्या किल्ल्या देताहेत."

"मग घे की."

"आणि दिवेकरांची शांत?"

"मग ती घे." सुरणाची एक फोड त्यांनी दुरडीत टाकली. "दोन्ही हातांत दोन लाडू आहेत आणि तोंड असं, जसं काही कोणी हिसकावून घेतलेत. जा, तवा जळतोय."

तवा खरोखरच जळत होता. जळक्या पिठाचा वास मला दारातूनच आला होता. अण्णांनी मात्र तो तव्यावरचा धूर पाहून ओळखला. त्यांना वास येत नव्हता, हे त्या सबंध कार्यालयात फक्त मला ठाऊक होते. निदान माझी तशी समजूत होती.

हे नीट कळावे म्हणून आमच्या स्वयंपाकाची एक रीत सांगितली पाहिजे. कार्याचा स्वयंपाक सोवळ्यात होई आणि देवाला नैवेद्य दाखवण्यापूर्वी त्यातले काहीही चाखायचे नसे. बोटाचे टोकसुद्धा जिभेला लावायचे नसे. चारशे माणसांची आमटी शिजते आहे आणि ती अळणी झाली की खारट, हे पहिली पंगत बसेपर्यंत कोणाच्याही जिभेला ठाऊक नाही, असा तो प्रकार. जुने आचारी मीठ नाकाने ओळखत. उकळी फुटल्यावर वाफेत तोंड धरायचे. अळणी आमटीची वाफ पोकळ असते आणि मीठ बसले की तिला अंग येते. हे शब्दांत सांगता येत नाही. मला ते येत होते.

दुसरी रीत अशी की मीठ एकाच हाताने पडायचे. मीठ घातले की पातेल्याच्या तोंडावर डाव आडवा ठेवायचा. आडवा डाव दिसला की बाकी कोणी त्या पातेल्याकडे मिठाचा हात न्यायचा नाही. ही शिस्त नसेल तर दोघे जण आपापल्या परीने मीठ घालतात आणि यजमानाची अब्रू जाते.

दोन वर्षांपूर्वी अण्णा विषमज्वरातून उठले आणि पुन्हा चुलीपुढे उभे राहिले. त्या पहिल्याच दिवशी दूध करपले आणि ते शेजारी उभे असून त्यांना कळले नाही. मी काही बोलले नाही. त्यांनी आमटीत मीठ घातले, डाव आडवा ठेवला आणि ते भाताकडे वळले. मी पातेल्याजवळ गेले, वाफ घेतली. पोकळ होती. मी इकडेतिकडे पाहिले, एक मूठ मीठ सोडले, ढवळले आणि डाव होता तसा आडवा ठेवला. कार्यालयात आल्यापासून मी मोडलेली ती पहिली शिस्त. त्यानंतर प्रत्येक कार्यात मी ती मोडत आले.

आणि गेल्या वर्षभरात अण्णांचा हात फारच चुकू लागला होता. आधी एक मूठ कमी पडे, मग दोन. माघातल्या लग्नांत तर मला चार चार मुठी घालाव्या लागल्या. मला त्यांची कीव येई. रात्री मी ह्यांच्याजवळ म्हणे, "मी एक दिवस आजारी पडले तर त्या माणसाचं नाव मातीत जाईल."

म्हणून त्या सोमवारचा प्रश्न केवळ माझ्या नोकरीचा नव्हता. मी गेले तर अण्णा उघडे पडणार होते. आणि याच्याही खाली आणखी एक भीती होती. ती मी ह्यांनाही सांगितली नव्हती.

ती ह्यांनीच ओळखली.

"तुला सोमणांची काळजी वाटते, हे अर्धं खरं," हे पलंगावरून म्हणाले. त्यांचे शब्द सावकाश येत, पण येत ते नेमके. "उरलेलं अर्धं काय आहे?"

"उरलेलं काही नाही."

"अगं, मी सतरा वर्षं वर्गात उभा होतो. अभ्यास न करता आलेलं पोर मला बाकावर बसण्याच्या ढंगावरून कळायचं. तू तशी बसली आहेस."

मी विळीवरून उठले, पुन्हा बसले. मग बोलून टाकले. "मी आजवर दुसऱ्याचं मीठ दुरुस्त केलंय. पहिली मूठ मी कधी घातलेलीच नाही. अण्णा घालतात, मी भर टाकते. रिकाम्या पातेल्यात किती घालायचं, हे मला ठाऊक नाही."

"घरी घालतेस की."

"घरी चार माणसं. आणि घरी मी चाखते."

"मग आज चाखू नकोस," हे म्हणाले. "परीक्षा घेऊ. परीक्षक बेकार बसलेलाच आहे."

त्या संध्याकाळी मी आमटी न चाखता केली. नुसत्या वाफेवर मीठ घातले. मुली अभ्यासाला बसल्या होत्या. ह्यांना चार घास भरवले तेव्हा हे काही बोलले नाहीत. पाचव्या घासाला पाणी मागितले. सहाव्याला पुन्हा मागितले.

"खारट आहे," मी म्हटले.

"नाही, नाही. मला आज तहानच फार."

"स्पष्ट सांगा."

"स्पष्ट सांगायचं तर समुद्र ह्यापेक्षा सौम्य असतो." आणि हे हसले. तोंडाची एकच बाजू हसे, म्हणून ते हसणे मला नेहमी थट्टेचे वाटे. "पण का खारट झालं, ते सांगू? तू घाबरून घातलंस. अळणी होईल म्हणून घाबरलीस आणि एक चमचा जास्त टाकलास. घाबरली नसतीस तर बरोबर पडलं असतं."

"दीडशे पानांच्या पंगतीपुढे मी घाबरणार नाही, असं तुम्हाला वाटतं?"

"मला वाटतं, तू फार घाबरशील," हे म्हणाले. "आणि तरीही जाशील. कारण नानासाहेबांच्या किल्ल्या कमरेला लावून तू वर्षभर घरी येशील आणि मला रोज ती न केलेली शांत ऐकवशील. माझा जीव आधीच अर्धा गेलाय, उरलेला तरी ठेव."

शनिवारी मी दिवेकरांकडे गेले. हेडमास्तर ह्यांचे जुने वरिष्ठ. त्यांच्या पत्नीला सारे गाव माई म्हणे. माईंचे सोवळे कडक आणि नजर त्याहून कडक.

"माई, तुम्ही सोमणअण्णांना का नाही विचारलंत?" मी विचारले. "त्यांची आमटी सोडून माझी कशाला?"

माईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "हिवाळ्यात आमच्या भाच्याचं लग्न तुमच्याकडे झालं. मी त्या कार्यालयात वीस वर्षं जेवते आहे. ह्या खेपेला आमटी पूर्वीची नव्हती."

मी घाईने विचारले, "बिघडली होती?"

"बिघडली असती तर तुला दारात तरी उभी केली असती का? निराळी होती. हात निराळा होता. मग मी पंगतीत कोण कुठं वावरतंय ते पाहत बसले. म्हातारपणी एवढंच काम उरतं." त्यांनी आवाज उतरवला. "मी कोणाला बोलले नाही, बोलणार नाही. ज्येष्ठ शुद्ध दशमी. दीडशे पान. हो की नाही?"

म्हणजे गुपित फुटू लागले होते. मी कार्यालयात राहिले तरी ते किती दिवस टिकणार होते?

"हो," मी म्हटले. तो शब्द माझ्या तोंडून गेला आणि मागे घ्यावासा वाटला, पण शब्द मागे घेणे माझ्या स्वभावात नाही.

अण्णांना मीच सांगायचे ठरवले. रविवारी ते घरी असत. विधुर मनुष्य, एका खोलीत राहत. दारात तुळस, आत देव्हारा आणि भिंतीला टांगलेले दोन झारे. मी उंबऱ्यातच बसले.

"अण्णा, मी उद्या नानासाहेबांना नाही म्हणणार आहे."

"बरं."

"दिवेकरांची शांत घेतली."

"किती पान?"

"दीडशे."

"पातेली कोणाची?"

"राममंदिरातली मागितली आहेत. आपल्याकडच्या मधल्या पातेल्यांएवढीच आहेत."

"ते बरं केलंस. ओळखीचं भांडं असावं." आणि ते देव्हाऱ्याकडे वळले. मी वाट पाहिली. बारा वर्षे ज्या माणसाच्या शेजारी उभी राहिले, तो काही शिकवील, अडवील, निदान रागावेल, अशी माझी अपेक्षा होती. काहीच नाही.

शेवटी मीच धीर केला. "अण्णा, मी गेल्यावर तुमच्याजवळ... म्हणजे मदतीला पोळ्या लाटणाऱ्या गंगूला ठेवा. तिचं नाक चांगलं आहे."

त्यांनी माझ्याकडे एकदाच रोखून पाहिले. मला वाटले, आता हा मनुष्य मला उंबऱ्यावरून उठवील.

"नैवेद्याआधी चाखू नकोस," ते म्हणाले. "एवढं पाळ. बाकी तुझं तू बघ."

मी घरी आले ती धुमसत. बारा वर्षांची चाकरी, दोन वर्षांची राखण, आणि निरोप काय, तर चाखू नकोस! सोमवारी नानासाहेबांसमोर उभी राहून मी नाही म्हटले तेव्हा माझा आवाज त्या रागानेच स्थिर राहिला होता. नानासाहेबांनी चष्मा घातला आणि कागदात डोके घातले. "दरवाजा तिकडे आहे," एवढेच ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मी कोणाला दाखवले नाही. मुलींवर ओरडले, हे खरे. ह्यांची औषधाची वेळ दोनदा चुकवली, हेही खरे. डोक्यात एकच हिशेब चाले: ही शांत बिघडली तर साताऱ्यात दुसरे दार नाही. माईंच्या पंगतीला जे दीडशे लोक बसणार, तेच लोक पुढची दहा वर्षे घराघरांतली कार्ये ठरवणार. एका आमटीवर ते माझे नाव कायमचे लिहिणार होते.

शांतीच्या आदल्या दोन दिवसांपासून मी पहाटे डोक्यावरून गार पाण्याची आंघोळ करीत होते. सोवळ्याचे काम, तयारीपासूनच शुद्ध असावे असा माझा हट्ट. ओले केस तसेच बांधून मी फराळाचे आणि लाडवांचे काम उरकले. दशमीला पहाटे जाग आली आणि मी उठून बसले. खोलीत काहीतरी कमी होते. थोड्या वेळाने लक्षात आले. देवाजवळची उदबत्ती जळत होती आणि तिचा वास नव्हता.

नाक गच्च बंद झाले होते.

मी गरम पाण्याची वाफ घेतली. ओवा चोळून हुंगला. काही नाही. ह्यांनी विचारले, "काय झालं?" मी म्हटले, "काही नाही." माझ्या आवाजावरूनच ह्यांनी काय ते ओळखले. मग म्हणाले, "जा. आता थांबलीस तर पाय उचलणार नाहीत."

दिवेकरांच्या परसात मांडव घातला होता. तीन चुली पेटल्या. पोळ्यांना गंगू आणि तिची बहीण होत्या; गंगू मला नाही म्हणू शकली नव्हती. पुढच्या ओटीवर होम चालू होता, मंत्र ऐकू येत होते. मसालेभात झाला, बटाट्याची भाजी झाली. त्यांच्यात मीठ बेताचे घातले. कोरड्या पदार्थाला डोळा लागतो, नाक नव्हे, आणि भाजीला थोडे कमी पडले तर लोक लिंबू पिळून घेतात. पण आमटी तशी नसते. आमटी हेच त्या काळी पंगतीचे नाक होते.

डाळ शिजली, घोटली. गूळ, चिंच, काळा मसाला पडला. उकळी आली. मी वाफेत तोंड धरले. गरम वाटले, बाकी काही नाही. जणू कोणी पाणी उकळत ठेवले होते.

"वहिनी, मीठ?" गंगूने विचारले.

"घालते."

मी मिठाच्या भांड्यात हात घातला आणि तो हात तेथेच राहिला. किती? पाणी किती, डाळ किती, सारे ठाऊक होते. फक्त हे एक ठाऊक नव्हते. जिभेवर एक थेंब ठेवला तर प्रश्न सुटत होता. कोणी पाहत नव्हते. गंगू पोळीकडे वळली होती. मी पळी उचलली. ओठांपासून ती वीतभर अंतरावर असेल.

"मथुरे."

परसाच्या दारात सोमणअण्णा उभे होते. नेसूचे रेशमी सोवळे, खांद्यावर उपरणे. ब्राह्मणभोजनाला माईंनी त्यांना आमंत्रण दिले होते, आणि मला ते कोणी सांगितले नव्हते.

मी पळी खाली ठेवली. पदर सारखा केला. "या, अण्णा."

"आवाजावरूनच कळतंय, तुझं नाक बंद आहे."

"आहे," मी म्हटले. मग तो बारा वर्षांचा मान आणि माझा ताठा, दोन्ही एकदम गळून पडले. "अण्णा, मला काही कळत नाही. तुम्ही घाला. तुमचा हात लावा एवढा."

"नाही. हे तुझं पातेलं. मीठ एकाच हाताचं."

"पण मी कधी पहिली मूठ घातलेली नाही! तुम्ही घालत होता आणि मी..." मी थांबले. दोन वर्षे तोंडात धरलेली गोष्ट माझ्या तोंडून अर्धी बाहेर पडली होती.

"आणि तू मागून भर टाकत होतीस," अण्णा म्हणाले.

चुलीत लाकूड तडकले. मी ते आत सारले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माझं नाक गेलं, डोळे नव्हेत. पहिल्या दिवशी तू डाव उचललास आणि परत ठेवलास, तो उलट्या बाजूनं. दांडा माझ्याकडे होता, तो भिंतीकडे गेला." त्यांनी उपरण्याने कपाळ पुसले. "त्या दिवशी खरंच चुकलं होतं. नंतर मी मुद्दाम एक मूठ कमी घालू लागलो. मग दोन. पाहायचं होतं, तुला किती कळतं ते."

"आणि माघात?"

"माघात पाच लग्नं झाली. त्या पाचांत मी मीठ घातलंच नाही. नुसता डाव आडवा ठेवत होतो."

गंगूच्या हातातले लाटणे थांबले होते. मी तिच्याकडे एकच कटाक्ष टाकला, ते पुन्हा सुरू झाले.

"मधल्या पातेल्यात तू किती मुठी घालत होतीस?" अण्णांनी विचारले.

"चार."

"हे पातेलं?"

"तेवढंच."

"मग?" ते वळले. "होम संपत आलाय. मी हातपाय धुतो." आणि जाता जाता, पाठमोरे: "पळी ओठाला लागली नव्हती ना?"

"नाही."

"मग ठीक."

मी चार मुठी मीठ घातले. चौथीनंतर हात झटकला. पाचव्या मुठीसाठी तो आपोआप भांड्याकडे गेला, आणि मला ह्यांचे एका बाजूचे हसणे आठवले. मी हात मागे घेतला. ढवळले, आणि डाव आडवा ठेवला. दांडा माझ्याकडे.

नैवेद्य झाला. पाने मांडली. मी पंगतीत गेले नाही, मांडवाच्या खांबामागे उभी राहिले. पहिल्या ओळीत अण्णा बसले होते. आमटी वाढत गेली. कोणी काही बोलले नाही, आणि ते न बोलणे मला वाढप्याच्या प्रत्येक फेरीबरोबर अधिक जड होत गेले. खारट आमटीला लोक लगेच नावे ठेवत नाहीत. भिडेने गप्प बसतात आणि घरी जाऊन बोलतात. हेडमास्तरांनी दुसऱ्यांदा आमटी घेतली. पण ते यजमान, त्यांना घ्यावीच लागे.

पंगत उठली. उष्टी काढायला बायका होत्या, तरी मी पदर खोचला आणि पहिल्या ओळीची पाने स्वतः उचलू लागले. माई म्हणाल्या, "अगं, तू कशाला?" मी ऐकले नाही.

आमच्याकडे पान वाढताना सर्वांत आधी वर मधोमध चिमूटभर मीठ वाढतात. अळणी लागले तर ज्याने त्याने त्यातले घ्यावे. मी पहिले पान उचलले. मीठ जागच्या जागी होते. दुसरे पान, तेथेही. तिसऱ्यात थोडे विस्कटले होते, पण ते लिंबाखाली ढकलले गेले होते. अण्णांच्या पानावर भाताचे एक शीत नव्हते, आमटीचा डागसुद्धा बोटाने पुसून घेतला होता. आणि वर मिठाची ती चिमूट, वाढली तशी, टोकदार. मी ओळ संपेपर्यंत पाने उचलत गेले. मग परसात जाऊन तोंडावर पाणी मारले, कारण डोळ्यांना धूर लागला होता.

माईंच्या घरून निघण्याआधी माझ्या हाती दोन मुंजी आणि एक डोहाळजेवण होते.

पुढच्याच आठवड्यात अण्णांनी नानासाहेबांचे काम सोडले. का, ते कोणाला सांगितले नाही. गावी भावाकडे गेले आणि दोन वर्षांनी तेथेच वारले. त्यामुळे ते माझ्यावाचून मीठ घालू शकत होते की नाही, हे पाहण्याचा प्रसंग कोणावर आला नाही. त्या दिवशी परसात ते म्हणाले ते खरे होते, की माझी पळी ओठांकडे जाताना पाहून त्यांनी ते तेथल्या तेथे रचले, हेही मला कधी कळले नाही. मी आयुष्यभर पहिलेच धरून चालले, कारण त्यावर माझा धंदा उभा होता.

आज मी एक्क्याण्णव वर्षांची आहे. आमचे काम आता माझी नात केतकी पाहते. सोवळ्याच्या कार्यांना मात्र मी अजून खुर्ची घालून चुलीजवळ बसते आणि मिठाचा हात माझाच असतो. गेल्या काही महिन्यांत मी पाहते आहे: मी डाव आडवा ठेवून तोंड वळवले की ही मुलगी पातेल्याजवळ जाते, वाफ घेते, इकडेतिकडे बघते. माझे नाक पूर्वीसारखे राहिलेले नाही, हे तिला कळले आहे. मला कळले आहे हे तिला ठाऊक नाही.

परवा ती म्हणाली, "आजी, कोल्हापूरला कोणी बोलावतंय. माझं स्वतःचं काम. पण मला भीती वाटते गं. इथं तू आहेस."

"बघू," मी म्हटले.

येत्या रविवारी एक साठीशांत आहे. दीडशे पान, मधले पातेले. मी मीठ घालणार नाही. नुसता डाव आडवा ठेवणार आहे.